बी.ए. शिक्षणशास्त्र म्हणजे बी.एड. नव्हे: प्रवेशाआधी आणि पदवीनंतर काय काय बघायचं

‘शिक्षणशास्त्रात बी.ए. झालंय, मग शाळेत लागायला काय हरकत आहे?’ नात्यातली, शेजारपाजारची मुलं-मुली मला हा प्रश्न हमखास विचारतात. हरकत आहे, आणि ती कायद्याची आहे. शिक्षणशास्त्रात बी.ए. केलेल्या माणसाला शिक्षण या विषयाची चांगली जाण असते, पण तेवढ्या पदवीवर शाळेतल्या नियमित शिक्षकपदासाठी अर्जसुद्धा करता येत नाही. हे बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षाचा निकाल हातात आल्यावर कळतं.

मी हा विषय इग्नूतून, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून शिकले, जोडीला इतिहास घेतला होता. नंतर काही वर्षं एका स्वयंसेवी संस्थेत काम केलं आणि मग बी.एड. केलं. पदवी वाईट नाही, उलट मला ती फार आवडली. पण ती का घ्यायची आणि तिच्यासोबत काय घ्यायचं, हे प्रवेशाच्या आधीच ठरवावं लागतं.

१. पदवीचं नाव नीट वाचा

नावं इतकी सारखी आहेत की घोटाळा व्हायलाच हवा. एकेक घेऊ.

बी.ए. (शिक्षणशास्त्र) किंवा बी.ए. (एज्युकेशन) ही इतिहास-अर्थशास्त्रासारखीच कला शाखेची पदवी. यात शिक्षणाचं तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, बालमानसशास्त्र, मूल्यमापन, धोरणं हे सगळं येतं. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू कशी मांडली, वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची कल्पना कशी पुढे आली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं, कोठारी आयोगाने काय सुचवलं, अशा गोष्टी तुम्ही वाचता. शाळेत उभं राहून पाठ घेण्याची सक्ती मात्र यात नसते.

बी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. त्यावर एन.सी.टी.ई.चं, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचं नियंत्रण असतं. या परिषदेला १९९३ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. बी.एड.च्या दोन वर्षांत एकूण २० आठवडे शाळेत काढावे लागतात आणि खरा फरक तिथेच पडतो.

डी.एल.एड. म्हणजे पूर्वीचं डी.एड., बारावीनंतर दोन वर्षं. आय.टी.ई.पी. म्हणजे बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, यात बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र होतं. पुढच्या टप्प्यावर एम.ए. (एज्युकेशन) आणि एम.एड. ही अशीच जोडी आहे. एम.ए.ला कोणत्याही पदवीवर बहुतेक ठिकाणी प्रवेश मिळतो, एम.एड.ला आधी बी.एड. किंवा तत्सम शिक्षक-प्रशिक्षण लागतं.

ओळखायची खूण एकच: त्या महाविद्यालयातल्या *त्या अभ्यासक्रमाला* एन.सी.टी.ई.ची मान्यता आहे का? ‘आमच्या कॉलेजला मान्यता आहे’ या उत्तराने समाधान मानू नका. मान्यता अभ्यासक्रमागणिक मिळते. परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे, त्यात संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि जागा तिन्ही पाहा. बी.ए. शिक्षणशास्त्र त्या यादीत सापडणार नाही. त्यात फसवणूक काही नाही, ती पदवीच त्या यादीतली नव्हे.

परदेशातही हेच आहे. इंग्लंडमधली ‘एज्युकेशन स्टडीज’ची बी.ए. घेतली तरी तिथला क्यू.टी.एस. हा शिक्षकाचा दर्जा आपोआप मिळत नाही. त्यासाठी पदवीनंतर वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अमेरिकेत शिक्षकाचा परवाना राज्य देतं आणि परवान्याविना असलेल्या शिक्षणाच्या पदव्या तिथेही आहेत. मुलांना तिकडे पाठवणाऱ्यांनी माहितीपत्रकातली ती एक ओळ शोधावी.

२. कोणत्या वर्गाला शिकवायचंय?

शिकवायचंच नसेल तर ही पायरी सोडा. शिकवायचं असेल तर ‘शिक्षक व्हायचंय’ एवढं म्हणून भागत नाही, इयत्ता ठरवा.

- पहिली ते पाचवी: बारावी, डी.एल.एड. आणि टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पहिला पेपर. बी.एड. इथे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केलंय.
- सहावी ते आठवी: पदवी, त्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर.
- नववी-दहावी: पदवी आणि बी.एड.
- अकरावी-बारावी: त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

लहान मुलांना शिकवायची हौस असलेली मुलगी बारावीनंतर बी.ए. शिक्षणशास्त्र करते, त्यावर बी.एड. करते, आणि पाच वर्षांनी तिला कळतं की पहिली-दुसरीच्या जागेसाठी ती पात्रच नाही. तिने बारावीनंतर डी.एल.एड. केलं असतं तर दोन वर्षांत काम झालं असतं, आणि बी.ए. पुढे बाहेरूनही करता आलं असतं.

तुम्ही आत्ता बारावीला असाल आणि माध्यमिक शिक्षक व्हायचं मनात पक्कं असेल, तर माझं सरळ मत असं: बी.ए. शिक्षणशास्त्राच्या वाटेला जाऊ नका. आय.टी.ई.पी.साठी एन.सी.ई.टी. ही प्रवेश परीक्षा द्या, ती एन.टी.ए. ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था एन.सी.ई.आर.टी.ची आहे आणि तिच्या कार्यक्षेत्रात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही येतात. आपल्याकडच्या मुलांना हे ठाऊकच नसतं. तिथे जमलं तर एक वर्ष वाचतं आणि बी.एड.च्या सीईटीची धावपळही.

३. जोडीचा विषय विचार करून घ्या

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ही पायरी दोनदा वाचा.

बी.एड.ला गेलं की पहिल्याच आठवड्यात विचारतात, ‘मेथड कोणती?’ मेथड म्हणजे तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवणार, त्याची अध्यापन पद्धती. अर्जातच तसे रकाने असतात आणि त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान असे शालेय विषय असतात. शिक्षणशास्त्र त्यात नसतं, कारण पहिली ते दहावी हा विषय शाळेत शिकवलाच जात नाही. अकरावी-बारावीला कला शाखेत तो आहे, पण सगळ्या कनिष्ठ महाविद्यालयांत नाही.

मेथड बहुतेक ठिकाणी पदवीच्या विषयावरून मिळते. म्हणजे तुमच्या पदवीचा मुख्य विषय ज्याला म्हणाल, त्याचा इथे उपयोग नाही. ज्याला तुम्ही जोडीला घेतलेला समजता, तोच तुमचा खरा विषय ठरतो. पुढे पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावर, जागांसाठी प्राधान्यक्रम भरतानाही भाषा, गणित-विज्ञान की सामाजिक शास्त्रं हे पदवीच्या विषयावरूनच ठरतं.

इथे एक मोह फार जणांना होतो. शिक्षणशास्त्रासोबत मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र अगदी शोभून दिसतं. वाचायलाही मजा येते, एकाचा अभ्यास दुसऱ्याला उपयोगी पडतो. पण दोन्ही विषय दहावीपर्यंत शाळेत नाहीत. अशी जोडी घेऊन बी.एड.ला गेलेली मुलं मेथडसाठी अडतात. मग कुणी पहिल्या वर्षाला एखादा पेपर असलेली मराठी पुढे करतं, कुणी दुसऱ्या महाविद्यालयात विचारून पाहतं. राज्यशास्त्राचं थोडं मधलं आहे, काही विद्यापीठं ते इतिहास-नागरिकशास्त्राच्या मेथडला धरतात.

त्यामुळे शिकवण्याचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर जोडीला इतिहास, भूगोल, मराठी, हिंदी किंवा इंग्रजी घ्या. इंग्रजी झेपत असेल तर इंग्रजीच, खासगी शाळांत त्या शिक्षकाला मागणी कायम असते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे जिथे मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आलंय, तिथे मी तर उलट करायला सांगेन: शालेय विषय मेजर घ्या आणि शिक्षणशास्त्र मायनर. गोडी तीच राहते आणि मेथडचा प्रश्नच येत नाही.

प्रवेशाआधी एक काम करा. तुमच्या भागातल्या विद्यापीठाचं बी.एड.चं माहितीपत्रक काढा आणि अमुक मेथडसाठी पदवीला तो विषय किती वर्षं किंवा किती पेपर असावा लागतो, ते बघा. विद्यापीठागणिक यात फरक आहे. चौकशी फोनवर नको, छापील ओळ पाहा.

४. प्रवेश

महाविद्यालयात विषय उपलब्ध असेल तर नेहमीसारखाच प्रवेश आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. नसेल तर इग्नू. महाराष्ट्रात तिची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत, त्यांच्या हाताखाली अभ्यासकेंद्रं.

दूरस्थ शिक्षणाला आता डेब आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी (श्रेयांक जमा ठेवण्याच्या खात्याचा क्रमांक) लागतो. एबीसी आयडी डिजिलॉकरमधून निघतो. आधार कार्डावरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळत नसेल तर गाडी इथेच अडते. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मधे असतं, दुसऱ्यावर नसतं, एकावर आडनाव आधी येतं. अर्ज भरायला बसण्यापूर्वी आधार दुरुस्त करून घ्या, शेवटच्या आठवड्यात ते होत नाही.

इग्नूचं साहित्य हिंदी आणि इंग्रजीत येतं. मराठी माध्यमातून आलेल्यांनी बिचकू नये, हिंदी पुस्तकं वाचता येतात. मात्र पारिभाषिक शब्द मराठीपेक्षा वेगळे असतात, तेवढी एक वही करून ठेवा.

स्वाध्याय, ज्यांना तिथे असाइनमेंट म्हणतात, ते वेळेवर द्या. त्यांना साधारण ३० टक्के वजन असतं आणि ते दिल्याशिवाय सत्र परीक्षेचं पुढे सरकत नाही. जमा केल्याची पावती निकाल लागेपर्यंत फेकू नका. गुण न चढण्याची तक्रार करताना तोच एक पुरावा असतो.

५. तीन वर्षांत हाताने काहीतरी करा

या पदवीत शाळा नसते, मग ती आपणच शोधायची. हे कुणी सांगत नाही आणि पुढे कामाच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

सोपा मार्ग म्हणजे मुलांना वाचता येतं का, हे तपासणाऱ्या ‘असर’सारख्या पाहणीत स्वयंसेवक म्हणून जाणं. प्रथम ही संस्था २००५ पासून ही पाहणी करते आहे आणि ग्रामीण भागात ती बरेचदा स्थानिक महाविद्यालयांच्या मदतीने होते. त्यातली वाचनाची चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलापुढे कागद धरायचा आणि गप्प बसायचं. पाचवीतली मुलगी उताऱ्यातला शब्द अक्षरं सुटी करून म्हणते, मग तुमच्या तोंडाकडे बघते, बरोबर आहे का म्हणून. तुम्हाला मान हलवायची परवानगी नसते. मूल्यमापनावरचं अख्खं प्रकरण वाचून जे कळत नाही, ते ओसरीवरच्या त्या पाच मिनिटांत कळतं.

याशिवाय वाचनालय चालवणाऱ्या संस्था, वस्तीतले अभ्यासवर्ग, अंगणवाडीत ताईंच्या हाताखाली थोडे दिवस, काहीही चालेल. केलेल्या कामाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह, त्याच वेळी घ्या. दोन वर्षांनी ते सर किंवा मॅडम दुसरीकडे गेलेले असतात.

६. पदवी हातात आली, आता?

*बी.एड. करायचं असेल तर.* राज्य सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा असते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ती देता येते, वर्ष वाया घालवू नका. प्रश्न बौद्धिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता यांवर असतात. इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयात जायचं असेल तर ई.एल.सी.टी. हा इंग्रजीचा वेगळा पेपरही द्यावा लागतो. पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के आणि राखीव प्रवर्गात ४५ टक्के गुण हवेत. निकालानंतर कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या, त्यात कागदपत्रांची तपासणी आणि महाविद्यालयांचा पसंतीक्रम. खासगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून जास्त मागितली तर आकडा दाखवून बोला.

बी.एड. झालं की सहावी ते आठवीसाठी टीईटी. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ पासून होते, राज्य परीक्षा परिषद ती घेते. दीडशे गुणांची असते, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. इथे तुमच्या बी.ए.चा खरा फायदा होतो: बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे ३० गुण इतरांना क्लास लावून मिळवावे लागतात, तुमचा तो वाचून झालेला भाग असतो. त्यानंतर सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, आणि पवित्र पोर्टल. टीईटी आणि टेट एकच समजणारे दर वर्षी भेटतात. टीईटी पात्रता ठरवते, टेटचे गुण नेमणुकीच्या यादीत धरतात.

*शिकवायचं नसेल तर.* एम.ए. (एज्युकेशन) करा. मुंबईत टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि बंगळुरूत अझीम प्रेमजी विद्यापीठ ही दोन नावं या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी आहेत. राज्यातल्या विद्यापीठांतही शिक्षणशास्त्र विभाग आहेत. या एम.ए.वर यूजीसी नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा ‘एज्युकेशन’ विषयात देता येते. मात्र बी.एड. महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचं स्वप्न असेल तर तिथेही बी.एड. लागतंच, एम.ए. आणि नेट एवढ्यावर भागत नाही. हा प्रश्न आधीच सोडवून ठेवा.

*लगेच काम हवं असेल तर.* स्वयंसेवी संस्था, पाठ्यसाहित्य तयार करणाऱ्या कंपन्या, सीएसआरचे शिक्षण प्रकल्प, संशोधन प्रकल्पांत क्षेत्रीय माहिती गोळा करणं. पालघर जिल्ह्यात क्वेस्ट, मुंबई-पुण्यात प्रथम, विज्ञान शिक्षणात होमी भाभा केंद्र अशा संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची फेलोशिप कोणत्याही पदवीवर मिळू शकते आणि तिथे वर्गात शिकवायला मिळतं. पण ती दोन वर्षं संपली तरी तुम्ही कायद्याने पात्र शिक्षक होत नाही. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

*स्पर्धा परीक्षा.* गंमत अशी, की या पदवीवर तुम्हाला पाचवीच्या वर्गावर नेमता येत नाही, पण राज्यसेवा परीक्षा देऊन उपशिक्षणाधिकारी व्हायला कोणतीही पदवी चालते. म्हणजे शिकवता येणार नाही, शिकवणाऱ्यांची तपासणी करता येईल.

७. सापळे

‘घरबसल्या बी.एड., हजेरीची गरज नाही.’ हा सगळ्यात मोठा. दूरस्थ बी.एड. खरंच आहे, इग्नूचंही आहे आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचंही. पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी, मुख्यतः डी.एड. झालेल्या शिक्षकांसाठी आहे. कोऱ्या बी.ए.ला तिथे प्रवेश नाही. एजंट परराज्यातल्या महाविद्यालयाचं नाव सांगतो आणि फक्त परीक्षेला यायचं म्हणतो, तेव्हा उठून या. अशा प्रमाणपत्राची पडताळणी नोकरीच्या वेळी होते, आणि तोवर तो एजंट फोन उचलत नाही.

‘एक वर्षाचं बी.एड. सुरू झालं, आत्ताच नाव नोंदवा.’ परिषदेने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी एक वर्षाचं बी.एड. सुचवलं होतं. मसुदा हा मसुदाच असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव त्या अभ्यासक्रमासाठी दिसेपर्यंत पैसे भरू नका. शिवाय तीन वर्षांच्या बी.ए.वाल्याला तो लागूच नव्हता.

‘आमचा डिप्लोमा बी.एड.च्या बरोबरीचा आहे.’ माँटेसरी, नर्सरी असे डिप्लोमा बालवाडीत काम करायला उपयोगाचे आहेत. बरोबरीचा वगैरे काही प्रकार नाही.

खासगी शाळेतली ‘आत्ता लागा, बी.एड. नंतर बघू’ ही नोकरी. अनुभव म्हणून जरूर करा, शिकायलाही मिळतं. पण तिच्या भरवशावर बी.एड. लांबवू नका. मान्यता आणि पटपडताळणीचे कागद हलले की पहिली गच्छंती अपात्र शिक्षकाची होते.

८. कागदांची फाइल

पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच एक फाइल करा आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत मोबाइलवर ठेवा. बी.एड.च्या प्रवेशाला साधारण हे लागतं:

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- पदवीच्या सर्व वर्षांच्या किंवा सत्रांच्या गुणपत्रिका, फक्त शेवटची नव्हे (मेथडसाठी सगळ्या बघतात)
- पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र
- शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- सीईटीचं गुणपत्रक
- आधार कार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं (महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीसाठी)
- लागू असेल तसं जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस किंवा उत्पन्नाचा दाखला
- लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- दूरस्थ पदवी असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र

जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन् महिने लागू शकतात, त्याचा अर्ज पदवीच्या दुसऱ्या वर्षातच टाका. नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यावर तो कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. एप्रिल उजाडला की जुना दाखला कॅप फेरीत बाद होतो, म्हणून त्याच आठवड्यात सेतू केंद्रात नव्यासाठी अर्ज द्या.